मी बापाला बेवडा लिहिलं

"अब तो नहीं पीते ना आप?"

बाईंनी माझ्या पप्पांना विचारलं. हळू आवाजात, हसून. आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

पप्पांना वाटलं, चहाचं विचारतायत. बाजूच्याच टेबलावर चहा-कॉफीचे थर्मास होते, पांढरे कप मांडलेले होते. त्या कपांना हात लावायचा आम्हाला धीर झाला नव्हता. आत यायच्या आधी हॉटेलबाहेरच्या टपरीवर आम्ही दोघांनी कटिंग घेतला होता. पप्पा लाजून म्हणाले, "पीता है ना मॅडम. अभी बाहर पीके आया."

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या. पप्पांच्या तोंडाला वास येतो का, हे त्या बघत होत्या. मला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यू आर अ व्हेरी ब्रेव्ह गर्ल." आणि पप्पांकडे वळून, "आपकी बेटी बहुत बहादुर है. आप कोशिश करते रहिए."

"हां मॅडम. कोशिश चालू है," पप्पा म्हणाले. इस्त्रीच्या शर्टात, ताठ उभे राहून.

अंधेरी पूर्वेला, विमानतळाजवळच्या हॉटेलातला तो हॉल. एका खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजने निवडक मुलांना आणि त्यांच्या पालकांना तिथे बोलावलं होतं. त्या बाई प्रवेश समितीच्या प्रमुख. त्यांनी माझा निबंध वाचला होता. पप्पांनी वाचला नव्हता. त्या अख्ख्या हॉलमध्ये दोन्हीकडचं कळणारी एकटी मी होते. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, माझे पप्पा दारू पीत नाहीत. चार-पाच शब्द.

मी बोलले नाही. मी थँक यू मॅम म्हटलं.

माझ्या पप्पांनी आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही. दारू प्यायचे ते माझे आजोबा. गावी, जालन्याकडे. त्यांनी आजीला मारलं, पप्पांना मारलं, आणि पिऊनच गेले. त्यांची चिता पेटत असताना पप्पांनी शपथ घेतली. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. मग मुंबईला आले. एमआयडीसीतल्या एका छापखान्यात कामाला लागले, तिथेच मशीनमन झाले. आमच्या वाकोल्याच्या वस्तीत दर रविवारी सकाळी विहारात वंदना पप्पा घेतात. पंचशील ते म्हणतात आणि मागून सगळे म्हणतात. पाचवं शील दारूचं आहे.

अशा माणसाला मी बेवडा केलं. इंग्रजीत.

कसं झालं ते सांगते.

बारावीला असताना मी शनिवारी एका मोफत क्लासला जायचे. तिथे मोठ्या कॉलेजात शिकलेली मुलं-मुली आमच्यासारख्यांना अर्ज भरायला मदत करायची. मला रिया दीदी मिळाली. बांद्र्याची. चांगली मुलगी होती, हे आजही म्हणते. आपल्या डब्यातलं मला द्यायची, माझं इंग्रजी सुधारताना कधी हसली नाही. ती स्वतः त्याच कॉलेजात शिकली होती. ती म्हणाली, "तू वहाँ फिट होगी. स्कॉलरशिप भी है. बस ॲडमिशन का एसे अच्छा होना चाहिए."

मी निबंध लिहिला. विहारात एक कपाट आहे पुस्तकांचं. दहावीपासून रविवारी त्याची चावी माझ्याकडे असते. कोण काय नेतं, कोण पान दुमडून आणतं, भाजीवाल्या काकू एकच पुस्तक तिसऱ्यांदा का नेतात, असं सगळं मी लिहिलं होतं. आणि पप्पा रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका कशा काढतात तेही. मला आवडला होता माझा निबंध.

दीदीने वाचला. "नाइस आहे," ती म्हणाली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पण यात स्ट्रगल कुठे आहे?"

मला कळलं नाही.

"मतलब, तेरी लाइफ में कुछ तो हुआ होगा ना? घर में? बाहर?"

ती विचारत गेली, मी सांगत गेले. घर लहान. पाण्याची वेळ. मम्मी नर्सिंग होममध्ये आया. ती मान हलवत होती, पण लिहून काही घेत नव्हती. मग मी आजोबांचं सांगितलं. तेव्हा तिने पेन उचललं.

"हे लिही."

"पण ते आजोबा. मी त्यांना पाहिलंपण नाही."

"तर पप्पा कर ना. कौन चेक करेगा? सगळे थोडं वाढवूनच लिहितात. आणि ते लोक सच नहीं, दर्द देखते हैं."

यातली चूक दीदीच्या अंगावर टाकून मी सुटू शकले असते. बरेच दिवस तेच करत होते. पण खरं असं आहे, की दीदीने फक्त एक ओळ सांगितली. बाकीची मी लिहिली. भिंतीवर आपटलेलं ताट मी लिहिलं. पट्टा मी लिहिला. मम्मीच्या डोळ्याखालची काळी खूण मी लिहिली. मी मोरीत लपून पुस्तक वाचते, असंही लिहिलं. आणि लिहिताना मला मजा येत होती. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही आजवर. इंग्रजी भारी वाटत होतं. ते कोणा दुसऱ्याच मुलीचं घर होतं आणि त्या मुलीची मलाच दया येत होती.

निबंध गेला. मला मुलाखत आली. मुलाखतीतही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. मग ते हॉटेल.

त्या दिवशी घरी येताना पप्पांनी विचारलं, "ब्रेव्ह म्हणजे धीट ना गं?"

"हो."

"कशाबद्दल म्हणाली?"

"इंग्रजीत बोलले म्हणून."

पप्पा खूश झाले. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं, की एवढ्या मोठ्या मॅडमने माझ्या पोरीला धीट म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या पाच मिनिटं आधी ते पाचवं शील, सुरामेरय मज्ज, म्हणत होते आणि मी त्यांच्या मागे हात जोडून उभी होते. मी ओठ हलवले नुसते.

त्या हॉलमध्ये जुहूची एक मुलगी होती. तिने मातीची भांडी करण्यावर निबंध लिहिला होता, तिनेच मला सांगितलं. तिचे वडील माझ्या पप्पांच्या शेजारीच उभे होते. त्यांना कोणी विचारलं नाही, अब तो नहीं पीते ना. तिला घरातलं दुःख लिहावंच लागलं नव्हतं. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विहारात उभी असताना आलं.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला. पूर्ण स्कॉलरशिप. मम्मीने शेजारी पेढे वाटले. पत्रासोबत एक फॉर्म होता. देणगीदारांसाठी ते एक पुस्तिका काढणार होते, तिच्यात माझा निबंध छापायचा होता. माझं नाव, फोटो. खाली पालकाची सही. निबंधही जोडला होता.

मी ते घेऊन पप्पांकडे गेले. संध्याकाळची वेळ, ते नुकतेच कामावरून आले होते. मी म्हटलं, "इथे सही करा. ॲडमिशनचं आहे."

मला वाटलं, करतील. पण छापखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. वाचल्याशिवाय कागद सोडत नाही. त्यांना इंग्रजी वाक्यं कळत नाहीत, शब्द तेवढे ओळखता येतात. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून निघाले. बोट सरकत होतं. मी बघत होते. बोट थांबलं.

"हे फादर आहे," पप्पा म्हणाले. "आणि हे ड्रंक. ड्रंक अँड ड्राइव्हचे पोस्टर छापलेत आम्ही पोलिसांचे. काय लिहिलंय इथे?"

"आजोबांचं आहे," मी म्हटलं.

"आजोबा तर ग्रँडफादर ना?"

पप्पांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाच," ते म्हणाले. "मराठीत सांग. पहिल्यापासून."

मी वाचलं. प्रत्येक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. माय फादर केम होम ड्रंक, हे इंग्रजीत किती सरळ होतं. माझे वडील दारू पिऊन घरी यायचे, हे म्हणायला माझी जीभ उचलेना. तरी म्हटलं. ताट म्हटलं. पट्टा म्हटला. मम्मी कणीक मळत होती, तिचे हात थांबले. तिच्या डोळ्याखालची खूण आली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही.

वाचून संपलं. पप्पांनी चष्मा काढला.

"पट्टा?" ते म्हणाले. "मी तर पट्टा लावतच नाही."

मग थोड्या वेळाने, "म्हणून ती मॅडम विचारत होती. मी काय बोललो गं तिला?"

"पिऊन आलो म्हणालात."

ते हसले. एकदाच, नाकातून. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत होता.

"हे तुला कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं."

पप्पांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. टोपण काढून फॉर्म पुढे ओढला.

"कुठे करायची?"

मला वाटलं, ते ओरडतील. एक कानाखाली मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. निबंधातला बाप खरा झाला असता निदान एकदा. पण ते सही करायला निघाले होते. म्हणाले, "तिकडे मला कोण ओळखतंय? बेवडा तर बेवडा. तू शिकशील ना."

त्यांच्या नखांत शाई होती. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं.

मी कागद ओढला. सहीची रेघ अर्धी उमटली होती, ती फाटली. मी उरलेलाही फाडला. मम्मी ओरडली, "अगं, ॲडमिशनचा आहे तो."

"असू दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दीदीला फोन केला. ती म्हणाली, "यार, इमोशनल मत हो. ते फक्त ब्रोशर आहे. छापायला नको म्हण, ॲडमिशन घेऊन टाक." तसंही करता आलं असतं. मी विचार केला, खोटं बोलत नाही. एक पूर्ण दिवस विचार केला. पण चार वर्षं त्या कॉलेजात निबंध वाचलेल्या प्रत्येकाने माझ्याकडे त्या बाईंच्या डोळ्यांनी बघितलं असतं. पप्पा भेटायला आले असते तर लोक अर्धं पाऊल मागे सरकले असते. आणि पप्पा हसून हां मॅडम, हां सर करत राहिले असते.

मी ईमेल लिहिला. बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, निबंध खोटा आहे. माझे पप्पा कधीच प्याले नाहीत.

"मग तू असं का लिहिलंस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आवाज दुखावलेला होता.

"मी आधी पुस्तकांच्या कपाटावर लिहिलं होतं मॅम. ते चालणार नाही असं मला सांगितलं."

"आमच्याकडून कोणी सांगितलं नाही."

"नाही. पण हॉटेलमध्ये तुम्ही माझ्या पप्पांना विचारलंत. जुहूच्या मुलीच्या पप्पांना विचारलं नाहीत."

माझं इंग्रजी चुकत होतं. त्या म्हणाल्या, की त्यांचं कॉलेज विश्वासावर चालतं आणि हा इंटिग्रिटीचा प्रश्न आहे. तो होताच. मी खोटं लिहिलं होतं, ते त्यांनी पकडलं नव्हतं, मी सांगितलं होतं, तरी ते खोटंच होतं. प्रवेश रद्द झाल्याचं पत्र आठवड्यात आलं. त्यात पप्पांबद्दल एक शब्द नव्हता. सॉरी नव्हतं.

मम्मी महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मार खाल्लेली बाई दाखवली म्हणून, की प्रवेश घालवला म्हणून, मी विचारलं नाही. मी घाटकोपरच्या एका साध्या कॉलेजात बी.ए.ला गेले. तिथे अर्जात नाव, मार्क आणि जातीचा दाखला मागितला. घरात काय होतं ते मागितलं नाही.

पप्पांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी मी काही लिहिलं की ते विचारायचे, काय लिहितेस? आता विचारत नाहीत. समोरून उठून जातात. ही माझी शिक्षा आहे आणि ती संपलेली नाही. तो निबंध त्या कॉलेजच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर अजून असेल. तिथे माझा बाप रोज पितो, रोज ताट आपटतो. ते मला पुसता येत नाही.

यंदा मी एम.ए.साठी अर्ज भरतेय. पुन्हा एक खासगी विद्यापीठ. फॉर्ममध्ये पुन्हा तोच रकाना, आयुष्यात कोणत्या संकटांवर मात केलीत ते पाचशे शब्दांत लिहा. मी पाचशे लिहिले नाहीत. लिहिलं, की माझ्या घरातल्या माणसांना मराठीत वाचून दाखवता येणार नाही असं एकही वाक्य मी त्यांच्याबद्दल लिहिणार नाही. माझे मार्क बघा, माझं काम बघा, त्यावर घ्या नाहीतर घेऊ नका. माझ्या वडिलांची गोष्ट हवी असेल तर त्यांना विचारा. ते मराठीत सांगतील. समजत नसेल तर शिकून या.

अर्ज पाठवलाय. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवीन. त्या रकान्यात हेच लिहीन.