जास्तीची हवा

“खोल कितलं? येळ कितला?”

पाण्यात उतरायची गोष्ट निघाली की नानांचे हे दोन प्रश्न ठरलेले. एरवी माणूस भारी उतावळा. धुळ्यात देवपूरला आमच्या घरी आले की चहा उभ्यानेच घ्यायचे आणि कप ठेवता ठेवता चपला शोधायचे. माझे हे मामा नौदलात पाणबुडे होते. निवृत्तीनंतर धुळ्याला परतले आणि विहिरींत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी काढून देऊ लागले.

एकदा धरणगावजवळच्या मळ्यात मी त्यांच्यासोबत होतो. मळेवाल्याने वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन आणून ठेवला होता. हाच टाकीत भरा, दम जास्त टिकेल, असं त्याचं म्हणणं. नानांनी दोराला दगड बांधून पाणी मोजलं. पंधरा फूट.

“हवा म्हंजे दूध नही शे भाऊ, आटवलं की चांगलं झालं,” एवढं बोलून ते साध्या हवेवरच उतरले.

मलाही त्यांनीच पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं; खाली ते कायम माझ्या डाव्या हाताला असत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, दिवाळीच्या सुटीत, आम्ही दोघे अरबी समुद्रातल्या एका बेटावर गेलो. तिथे जास्त ऑक्सिजनची हवा नवीनच आली होती. तिचं शिक्षण आम्ही पहिल्याच दिवशी घेतलं आणि मला ती प्रत्येक वेळी हवीशी वाटू लागली. नाना मात्र दोन प्रश्न विचारून ठरवायचे. तीस फुटांवरची प्रवाळं पाहायची तर साधी हवा; तिथे खाली थांबायच्या वेळेची मर्यादा येण्याआधी टाकीच संपते. सत्तर फुटांवर दिवसातून तीनदा जायचं तर जास्तीची. अंगात नायट्रोजन कमी साठतो, खाली जास्त थांबता येतं. टाकीतला ऑक्सिजन ते स्वतः मोजत, आकडा टाकीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहीत, पुन्हा मोजत.

शेवटच्या दिवशी नावाड्याने सांगितलं की पाणी स्वच्छ आहे, बुडालेलं जहाज दिसेल. त्या जहाजासाठीच नाना इतक्या लांब आले होते. होडीत ते पुढे-मागे चकरा मारू लागले. बाकीच्यांच्या टाक्यांत साधी हवा होती, आमच्या दोघांच्या जास्तीची, सत्तर फुटांच्या बेताने भरलेली.

“खोल कितलं?” त्यांनी विचारलं.

“एकशे वीस फूट.”

त्यांनी पट्टीवरचा आकडा वाचला. छत्तीस टक्के. तेवढ्या खोलीवर तोच ऑक्सिजन विष होतो, पाण्यातच झटके येतात. टाक्या बदलायला किनाऱ्यावर जायचं तर दिवस मावळला असता. मी म्हटलं, नाना, पाचच मिनिटं जाऊन येऊ. त्यांनी माझ्या कमरेचा वजनाचा पट्टा सोडला, मग स्वतःचा.

“आते नही, आज नही,” म्हणाले. “जहाज कुठे पळत नाही.”

तासभर आम्ही होडीत होतो. वर येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत राहिले: दार उघडं आहे का, आत मासे आहेत का, डोलकाठी पडली की उभी आहे. मी रागाने त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात नाना हृदयविकाराने गेले. मी बातमी ऐकून धुळ्याला आलो तोवर सगळं आटोपलं होतं.

दिवाळीत मी परत त्या बेटावर गेलो. टाकीत साधी हवा भरून घेतली आणि प्रशिक्षकासोबत खाली उतरलो. जहाजाच्या दारातून पिवळ्या माशांचा थवा संथपणे बाहेर येत होता. प्रशिक्षक माझ्या उजवीकडे होता. मी डावीकडे वळून दाराकडे बोट दाखवलं. तिथे नुसतं निळं पाणी होतं.