राखेतला घेवडा

आक्का गेली तेव्हा मी निपाणीजवळच्या आमच्या गावात दारात बसून पायाची नखं काढत होतो. फोन भाच्याचा. म्हणाला, "मामा, आई गेली. च्या मागितला, आणून देईपर्यंत..." टोपी घातली आणि निघालो. बेळगावला बस बदलली, खानापूरच्या पुढं रानाच्या कडेला तिचं गाव. पोचलो तोवर ऊन उतरलं होतं आणि माणसं माझ्यासाठी थांबली होती.

महिना उलटून गेला त्याला. मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय न्हाय. पण आक्काबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर तिला देवी करून टाकतील. ती तशी नव्हती. हट्टी होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि हट्टातही मोठी.

तिचं लग्न झालं तेव्हा तिनं मागितलं म्हणून आईनं तिच्या ओटीत परड्यातल्या घेवड्याचं बी बांधून दिलं होतं. तांबडा दाणा, पोटावर पांढरा पट्टा. मातीकडं काही मागणं नसायचं त्या वेलाचं, पाऊस कमी पडो का जास्त. बाजारात तो कधी दिसला न्हाय. आई गेल्यावर परडं माझ्या हातात आलं. तंबाखूला भाव होता; मी मागच्या भिंतीपर्यंत तंबाखू लावली. वेल उपटले, कुंपण काढलं. आक्का आलती तेव्हा मागच्या दारात उभी राहून नुसती बघत होती. त्या दिवसापासनं आईचा घेवडा फक्त तिच्याकडं राहिला.

पुढं तंबाखू गेली. परडं परत मोकळं झालं. मी बाजारातनं बियाची पाकिटं आणून लावली. पहिल्या वर्षी लई शेंगा, त्यांचंच बी धरून लावलं तर दुसऱ्या वर्षी नुसता पाला. तेव्हा मला आईचा घेवडा आठवला. पण बायकांची त्यात एक रीत आहे. बी विकायचं नसतं, आणि आपणहून द्यायचंही नसतं. ज्याला पाहिजे त्यानं तोंडानं मागायचं, आणि पीक आलं की तेवढंच परत आणून द्यायचं. न मागता दिलेलं बी रुजत न्हाय म्हणत्यात. मी म्हणायचो, माझ्या आईचं बी मी का मागू? आणि आक्का म्हणायची, "मागून न्हे की रं आप्पा. तोंड झिजतंय व्हय तुझं?"

वीस वर्षं हेच. मी गेलो की ती मुद्दाम घेवड्याची आमटी करायची. ताटात वाढायची आणि समोर बसून बघायची. मी खायचो, बरी झालीय म्हणायचो, हात धुवायचो. निघताना ती दारापर्यंत यायची, पदराला हात पुसत, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखी. मी बसचं बोलायचो.

रक्षाविसर्जनाला, तिसऱ्या दिवशी, पै-पाहुणे जमले. परड्यात दगडांची चूल मांडून बायकांनी स्वयंपाक केला. माझ्यापुढं पत्रावळ आली, आमटी वाढली, आणि पहिल्याच घासाला मला कळलं. चव तीच... शेजारी न्हाणीच्या कट्ट्यावर आक्काचं माळ्यावरचं बियाचं मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं.

आक्काची सून बेळगावात कॅम्पातल्या शाळेत शिकवते. शहाणी पोरगी आहे, तिचा दोष न्हाय. तीच वाढत होती. तिला विचारलं, घेवडा कुठला गं? ती म्हणाली, "माळ्यावर होता मामा. सगळी राखच होती त्यात, चार पाण्यानं धुतला. का, काय झालं?"

राखेत ठेवलेलं धान्य म्हणजे बी, ते चुलीवर चढवायचं नसतं, हे आमच्या वेळी पोरींना सांगावं लागत नव्हतं. आता सांगणारीच राख झालेली. मी म्हटलं, "काय न्हाय. मीठ कमी आहे." तिनं मीठ आणलं. मी आमटी संपवली. पत्रावळीत टाकून उठायचं धाडस झालं न्हाय.

बाराव्यापर्यंत तिथंच राहिलो. आक्कानं गावात बऱ्याच जणींना बी दिलेलं, हे मला ठाऊक होतं. पहिल्या घरी सांगितलं, औंदा रानडुकरांनी वेलच खाल्ले. दुसरीकडं म्हणाले, आता पाकिटाचंच लावतो. तिसरं घर कोंडूबाईचं, आक्काच्या वयाची. तिनं विचारलं, काय काम काढलं? मी म्हटलं, सहज आलतो. तिनं च्या केला. च्या पिऊन मी उठलो, फाटकापर्यंत गेलो. एका बहिणीपुढं जी मान वाकली न्हाय ती परक्या बाईच्या दारात कशी वाकवायची? पण मागं वळून कुठं जायचं होतं? गाव तिथंच संपत होतं, पुढं रान.

परत फिरलो. म्हटलं, "बाई, आईच्या घेवड्याचं बी पाहिजे होतं. मी मागतोय."

कोंडूबाई हसली न्हाय. म्हणाली, "आक्का सांगायच्या तुमचं. भाऊ येतोय, जेवतोय, पण मागत न्हाय म्हणायच्या. वाट बघायच्या हो." आत गेली, फडक्याची गाठ सोडली. थोडेच होते. नऊ दाणे तिनं माझ्या हातावर मोजले आणि बाकीचे बांधून ठेवले.

खिशाला भोक असेल या भीतीनं बसमध्ये मूठ उघडली न्हाय. बेळगावच्या स्टँडवर एका हातानं पाणी प्यालो. कंडक्टरनं म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड मागितलं तर म्हटलं, तूच काढ वरच्या खिशातनं.

मागच्या भिंतीकडंला नऊ खड्डे केले. वाकलं की कंबर धरते, म्हणून जमिनीवर बसून, सरकत सरकत लावले. सात उगवले. त्यांना काठ्या लावल्यात. दोन अजून वर आले न्हाईत आणि आता येणारही न्हाईत, एवढं मलाही कळतं. घरातले म्हणतात, आप्पा, रिकाम्या मातीला कशाला पाणी? सकाळी तांब्या घेऊन जातो, सातांना घालतो, आणि मग त्या दोन जागांपाशी जरा जास्त वेळ बसतो.