रिकामी पिन

आमच्या घरी एक नियम होता. ज्याची खात्री नाही, ते लाल. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि नोकरीभर त्यांनी हेच सांभाळलं. तार तुटो, वीज जावो, सिग्नल आपोआप लालच झाला पाहिजे. गाडी खोळंबेल, लोक शिव्या देतील, देऊ देत. आई त्यावरून त्यांची भारी टर उडवायची. मी मैत्रिणींबरोबर मांडूला सहलीला जाऊ का म्हणून विचारावं, बाबांनी पेपरातून डोकं वर काढू नये, आणि आईने स्वयंपाकघरातून ओरडावं, "लाल आहे गं, लाल! आता नको विचारूस."

बाबांचं न बोलणं वाचता येणारी ती एकटीच होती, आणि ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर पुण्याचा दादा जेवताना म्हणाला, "बाबा, इथे आता एकटे काय करणार? आमच्याकडे चला. चालेल ना?" बाबा भात चिवडत राहिले. आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, एक काळजी मिटली." झालं! पानावरून उठायच्या आत सगळं ठरलं. बाबा पुण्याला, मी कॉलेजच्या होस्टेलवर, इथल्या फ्रीगंजच्या घराला कुलूप. दादा वाईट नाही हो, जीव लावणारा आहे. पण मला सगळ्यांचाच राग येत होता, गेलेल्या आईचासुद्धा.

बाबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली. त्यांना न्यायला दादा रविवारी येणार होता. आणि माझं डोकं अडकलं होतं एका फालतू असाइनमेंटमध्ये. आमच्या लॅबच्या सरांनी अँड गेट घरून जोडून आणायला सांगितलं होतं. साधं काम आहे. दोन बटणं, मध्ये एक चिप, पुढे एक छोटा दिवा. दोन्ही बटणं दाबली तरच दिवा लागायचा. दोघांचं हो असेल तर हो, नाहीतर नाही. देवास गेटजवळच्या दुकानातून चिप आणली, जुन्या मोबाइल चार्जरची वायर कापली आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसले.

वीज दिली आणि दिवा लागला. मी एकाही बटणाला हात लावला नव्हता!

वायरी काढल्या, परत खोचल्या. दुसरी चिप लावली. तोच प्रकार. "अरे यार, तुला हो म्हणायला सांगितलं कोणी?" मी चक्क त्या चिपवर खेकसले. शेवटी लॅबमधल्या पार्टनरला फोन लावला. तिने एकच विचारलं, "बटण दाबलेलं नसताना चिपची पिन कशाशी जोडलेली असते?"

"कशाशीच नाही. रिकामी आहे. रिकामी मतलब नाही, ना?"

"पागल आहेस का? ही चिप रिकाम्या पिनला हो समजते. नाही पाहिजे असेल तर पिन ग्राउंडच्या वायरला बांधावी लागते, रेझिस्टर घालून. नाही म्हणजे नाही, असं तिला सांगावं लागतं."

ही चूक आमच्याच घरातली पोरगी करू जाणे. रिकामी तार म्हणजे लाल, हे मी बाराखडीच्या आधी शिकले होते.

तेवढ्यात बाबा राम घाटावरून आले. आईच्या अस्थी तिथेच शिप्रा नदीत सोडल्यापासून ते रोज संध्याकाळी पायरीवर जाऊन बसायचे. चप्पल काढून टेबलाशी थांबले, दिव्याकडे बघितलं, सुट्या बटणांकडे बघितलं.

"कोणी दाबलं नाही, तरी लागलाय?"

मी पार्टनरने सांगितलेलं त्यांना सांगितलं. बाबा खुर्ची ओढून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ते चिडले होते.

"हे कसलं डिझाइन? जिथून काही आलंच नाही, तिथून हो आलं असं धरून चालायचं? आमच्याकडे असं असतं तर माणसं मेली असती बेटा."

मी रेझिस्टर शोधत होते, तो हात तसाच राहिला. मला जेवणाचं पान दिसलं, भातात फिरणारी त्यांची बोटं दिसली. आई असती तर त्याच क्षणी आतून ओरडली असती. आम्ही सगळे तिथेच बसलो होतो, आणि एकालाही ते दिसलं नाही.

"बाबा, तुम्हाला पुण्याला जायचंय का?"

ते गप्प. आधीसारखेच गप्प. पण या वेळी मी उठले नाही आणि त्यांच्या वतीने बोललेही नाही. टेबलावर तो खोटारडा दिवा जळत होता. मी चार्जरचं बटण बंद केलं.

"नाही," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला. "तुझ्या आईला इथे सोडून मी कुठे जाऊ गं?"

आम्ही दोघं रडलो. ती गेल्यापासून एकत्र असे रडलोच नव्हतो. मग मी तोंड धुऊन दादाला फोन लावला. तो आधी गोंधळला, मग दुखावला. "पण मी विचारलं होतं ना सगळ्यांसमोर! बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत."

"तेच तर सांगतेय, दादा," मी म्हणाले, "काहीच बोलले नव्हते," आणि फोन बाबांच्या हातात दिला.