मी घोरत नाही

बोलायला मी फटकळ आहे. शाळेत, घरात, बसमध्ये, कुठंही. पैठण रोडवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते आणि पालकांना तोंडावर सुनावते की लेकराला मोबाईल देऊन बसवू नका. एका साध्या प्रश्नाला मी घाबरून खोटं उत्तर देईन, असं कोणी म्हणालं असतं तर त्यालाही सुनावलं असतं.

पित्ताशयात खडे निघाले होते. जालना रोडवरच्या एका दवाखान्यात सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं, आणि शुक्रवारी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तपासायला बोलावलं. सोबत आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामा म्हणायचे, आमच्याकडं तसंच म्हणतात. बाई एकेक विचारत होत्या. दात हलतो का, दमा आहे का, बीपीची गोळी कोणती, आधी कधी भूल घेतली का. मी पटापट सांगत होते. मग कागदावरची नजर न उचलता त्यांनी विचारलं, "झोपेत घोरता का?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

ह्यांनी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचायला घेतलं. आत्याबाईंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले. बाईंनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

ह्यामागचं सांगते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नणंदेच्या लग्नात आम्ही सगळ्या बायका मंगल कार्यालयात ओळीनं गाद्या टाकून झोपलो होतो. सकाळी चहाच्या वेळी एक जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "काय बाई, लाईट तर गेली नव्हती, मग रातभर जनरेटर कोणी चालवला?" सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या. तेव्हा मी फटकळ नव्हते, खाली मान घालून बशीतला चहा प्यायले. पुरुष घोरला तर म्हणतात, दमलाय बिचारा, डाराडूर झोपलाय. बाई घोरली की तिची चेष्टा. तेव्हापासून कोणाच्या लग्नात मुक्काम पडला की मी पाठ दुखतेय म्हणून खुर्चीत बसून रात्र काढते. घरात हा विषय कधी निघाला नाही, म्हणून मी समजत होते की कोणाला माहीतच नाही. शिकलेली बाई, पण अक्कल बघा.

दवाखान्यातून एक माहितीपत्रक दिलं होतं. शनिवारी दुपारी शाळेतून आले आणि ते घेऊन बसले. छापील कागद दिसला की हातात लाल पेन येतो, सवयच आहे. एका ठिकाणी 'श्वास'चा 'स्वाश' झाला होता. गोल केला, वर नीट लिहिलं आणि मग ते वाक्य वाचलं. झोपेत घोरण्याचा आणि मध्येच श्वास थांबण्याचा त्रास असेल तर भुलीच्या आधी जरूर सांगा, लपवू नका. भुलीनं घसा आणखी ढिला पडतो, नंतरच्या दुखण्याच्या औषधांनी श्वास मंद होतो, आणि डॉक्टरांना ठाऊक नसेल तर जिवावर बेतू शकतं.

खाली लक्षणं दिली होती. सकाळी डोकं जड. तोंडाला कोरड. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. गोळ्या खाऊनही न उतरणारा बीपी. दिवसा डुलक्या. ह्यातलं एकही मला नाही, असं नव्हतं. शाळेचं गाव वाटेत येतं, तिथं उतरायचं सोडून मी दोनदा थेट पैठणच्या स्टँडवर जाऊन पोहोचले होते. कंडक्टरनं खांद्याजवळचा दांडा वाजवून उठवलं, "मॅडम, गाडी इथंच संपती." शाळेतल्या बाया म्हणायच्या, शुगर तपासा. तपासली. नव्हती.

हे गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी जाऊन विचारलं, "अहो, मी घोरते का?"

टॉवेल झटकत म्हणाले, "थोडं."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे घोरतेस. मग मध्येच थांबतं. मग एकदम दचकल्यासारखी श्वास घेतेस. मी कोपरानं ढोसतो ना, कुशीवर वळ म्हणून."

"थांबतं म्हणजे काय थांबतं?"

त्यांनी टॉवेल दोरीवर टाकून चिमटा लावला. इतकी चिडले मी. वीस-बावीस वर्षं शेजारी झोपतो हा माणूस, बायकोचा श्वास थांबतो हे त्याला माहीत, आणि दवाखान्यात पोस्टर वाचत बसतो. तसं म्हटलंही. ते शांतपणे म्हणाले, "तू 'अजिबात नाही' म्हणालीस. मी तिथं तुला खोटं कसं पाडू?"

रविवार कसा काढला ते माझं मला माहीत. रजा मंजूर झालेली, लेक पुण्याहून आलेली, बहीण डबे देणार म्हणून ठरलेलं. एकदा दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर उद्या भेटतील, काही निरोप आहे का. मी नाही म्हणून ठेवून दिला. खरं सांगते, मरणापेक्षा 'मी खोटं बोलले' हे म्हणायची मला जास्त भीती वाटत होती. मरण लांबचं वाटतं, सोमवार उद्यावर आला होता. घटकेत वाटायचं, इतक्या बायकांची ऑपरेशनं होतात, काय होतंय. घटकेत आपण झोपेत आहोत आणि श्वास येतच नाही, असं डोळ्यांसमोर यायचं.

सोमवारी उपाशीपोटी गेले. हिरवा गाऊन घातला, हाताला सुई लावली. मंगळसूत्र आणि बांगड्या काढून आत्याबाईंच्या हातात दिल्या, त्यांनी रुमालात गाठ मारून घट्ट धरल्या. डॉक्टरबाई आल्या. "काय मॅडम, सगळं ठीक?"

"डॉक्टर, मी शुक्रवारी खोटं बोलले," मी म्हटलं. वर्गात बोलते तेवढ्या आवाजात निघालं. "मी घोरते. श्वासही थांबतो म्हणतात."

त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या, सगळं पुन्हा विचारलं, टेपनं माझ्या मानेचा घेर मोजला, तोंड उघडून घसा पाहिला. मग म्हणाल्या, "आज नको. खडे कुठं पळून जात नाहीत. आधी झोपेची तपासणी करू." मी रडले. सुटल्याचं होतं की लाजेचं, कोणास ठाऊक.

तपासणीचं यंत्र घरीच दिलं. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा लावून झोपायचं. तासाला किती वेळा श्वास थांबला तो आकडा मी अजून माहेरी सांगितलेला नाही. छातीच्या डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागं येते आणि हवेची वाट बंद होते. मेंदू घाबरून जागं करतो, आपल्याला पत्ताही नसतो. वजन हे एक कारण, माझी आत गेलेली हनुवटी दुसरं, आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं. वजन उतरवा, कुशीवर झोपा म्हणाले. थोडा त्रास असेल तर दातांवर बसवायची पट्टी चालते, काहींना घशाचं ऑपरेशन लागतं. मला मात्र रोज मशीन. नाकावर मास्क, त्यातून हवेचा दाब, म्हणजे वाट उघडी राहते. खड्यांचं ऑपरेशन महिन्याभरानं, आणि तेव्हाही मशीन सोबत न्यायची.

मशीन घेऊन कंपनीचा माणूस एका दुपारी घरी आला. हॉलमधल्या दिवाणावर मला आडवं करून मास्कचे पट्टे बसवले. आत्याबाई समोर बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मंग घोरणं बंद व्हईल?"

"एकदम बंद, आजी. कानाला कळणारसुद्धा नाही."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "मंग ही हाय का नाय, मला कसं कळंल?"

माणूस गेल्यावर मी मास्क काढून विचारलं, असं का म्हणालात. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुझा आवाज भिंतीपल्याड येतो. मधीच थांबला की मी उठून बसते. परत सुरू झाला की आडवी व्हते. तीन-चार साल झाले."

"मग दवाखान्यात बोलला का नाहीत?"

"तू नाय म्हणालीस. चार माणसांत तुझी लाज राखली, माय." मग म्हणाल्या, "तुझे मामा बी असंच घोरायचे. त्या दिशी थांबले. मला वाटलं, बरं झालं, झोपले एकदाचे निवांत. मी कूस बदलली अन् झोपले. सकाळी लोक म्हणले, पुण्यवान माणूस, झोपेत गेला. मी बी व्हय म्हणले."

बारा वर्षं झाली सासऱ्यांना जाऊन. पुण्यवान मीही म्हटलं होतं, आल्यागेल्याला चहा देता देता. त्यांना नेमकं काय झालं होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. मी पुन्हा आडवी झाले, मास्क लावला, बटण दाबलं. त्या उठून जवळ आल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तोंड उघडलं की हवा तोंडातून सुटायची, त्यामुळं बोलता येत नव्हतं. मी मुद्दाम मोठा श्वास घेतला, त्यांच्या हाताला कळावा म्हणून.