शेलार काकांच्या हाताखालचे केमिस्ट

माझी पहिली नोकरी घालवायला निघालेला माणूस काल गेला.

शेलार काका. आमच्या लॅबचे अटेंडंट.

मुरबाडला एमआयडीसीत एक औषधांची कंपनी होती. आता बंद पडली. बीएस्सी केमिस्ट्री करून मी तिथल्या क्वालिटी लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले. आईने गावभर सांगितलं, पोरगी सायंटिस्ट झाली. मीही कुणाला दुरुस्त केलं नाही.

सहा महिने ट्रेनी. साहेबांना काम पटलं तर पक्की केमिस्ट, नाहीतर परत घरी.

काका बारावी नापास. कागदावर त्यांचं काम एवढंच, काचेची भांडी धुवायची आणि आम्ही मागू ते आणून द्यायचं.

प्रत्यक्षात आम्हाला उभं त्यांनीच केलं.

पण टेस्ट स्वतः कधी करून दाखवायचे नाहीत. हात मागे बांधून शेजारी उभे राहायचे आणि तोंड सुरू.

"सावकाश गो! थेंब थेंब सोड. म्हशीचं दूध काढते का काय?"

"फिका गुलाबी पायजे रंग. शालू नाय रंगवायचा आपल्याला."

एकदा मी वैतागले. म्हटलं, "काका, तुम्हीच करा ना पटकन. मी सही करते."

"ज्याची सही, त्याचाच हात. माझी सही हितं चालत नाय."

हसत म्हणाले. पण रिपोर्टवर सहीखाली 'केमिस्ट' छापलेलं असतं ना, तिकडे त्यांची नजर गेली ती मी पाहिली. वीस वर्षं त्या लॅबमध्ये काढलेल्या माणसाला एवढंच हवं होतं. तिथे एकदा आपलं नाव.

आता माझा पराक्रम ऐका.

कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल चकाचक लागायचं. खाडाखोड दिसली की मार्क गेले. मग आम्ही सगळे काय करायचो, रीडिंग आधी पेनाने तळहातावर लिहायचो आणि नंतर वळणदार अक्षरात जर्नलमध्ये उतरवायचो.

कंपनीत आल्यावरही महिनाभर मी तेच केलं. वर स्वतःच्या अक्षरावर खूशही होते!

एके दिवशी बेसिनपाशी काकांनी पाहिलं.

"हातावर काय लिवलंय?"

"रीडिंग. वहीत नीट उतरवते ना मी."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

औषधाच्या लॅबमध्ये रीडिंग दिसल्या क्षणी वहीतच लिहायचं असतं. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख. दुसरीकडे लिहून मागाहून उतरवलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्या महिन्याभराच्या कामाचा पुरावा मी रोज साबणाने धुऊन टाकत होते.

"सायबांना जाऊन सांग. आजच."

"काका, कुणाला कळणारे? उद्यापासून नाही करणार. आईशप्पथ!"

"औषध कोन खानार हाय? कोनाची तरी आयच ना?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगीन."

मी रडले. मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. मग गेले साहेबांकडे.

साहेब असे भडकले की बाहेर पॅकिंगपर्यंत ऐकू गेलं. काढूनच टाकत होते. शेवटी सगळ्या टेस्ट परत करायला लावल्या आणि माझे सहा महिन्यांचे बारा महिने केले.

काकांशी दोन महिने बोलले नाही मी. ते मात्र रोज सकाळी माझ्या टेबलावर धुतलेल्या ब्युरेट, थेंब थेंब सोडायच्या त्या काचेच्या नळ्या, लावून जायचे.

मग एका दुपारी डबा पुढे सरकवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

"रुसून प्वाट भरतं का गो?"

जवळजवळ सगळा डबा मी संपवला. त्यांना अर्धी भाकरी उरली.

पुढे पक्की झाले. मग कंपनी बदलली, मग अजून एक. आमच्यातला एक पीएचडी करतोय, एकजण जर्मनीत आहे, एकीचे आसनगावात जोरात क्लास चालतात. सगळे काकांच्या शिव्या खाऊन तयार झालेले.

दोन वर्षांपूर्वी ती कंपनी बंद पडली आणि काका घरी बसले. मी तोवर ठाण्याला लॅब इन्चार्ज झाले होते. त्यांचा फोन आला.

"तुमच्याकडं भांडी धुवायला कोन लागतंय का?"

आमच्याकडे एक जागा रिकामी होती, पण केमिस्टची. पदवी लागणारी.

म्हटलं, "भांडी कसली धुताय काका! केमिस्ट म्हणून या. फॉर्मवर बीएस्सी मी टाकते. कोण बघतंय?"

खरंच टाकणार होते मी. सांगतेय ते सरळ सांगते.

पलीकडे काकांनी कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला.

"सही मी करायची?"

"हो काका. तुम्हीच."

"टेबल कुठं हाय?"

"खिडकीपाशी."

"मंग उजेड चांगला असंल."

"खूप छान आहे काका."

मग म्हणाले, "नको गो. पदवी खोटी लिवली तर माझी पयलीच सही खोटी व्हायची."

आणि मला काही बोलू न देता घरच्यांची चौकशी केली. आईच्या गुडघ्यांना कुठलं तेल लावायचं तेही सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून रडले. लाज वाटली म्हणून, आणि ते येणार नाहीत म्हणून. कामासाठी त्यांनी परत कधी फोन केला नाही.

ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. हुशार आहे. काका कोण, तिला माहीत नाही. उद्या सांगणार आहे.

काका, तुमच्या पाया पडायचं राहून गेलं. इथूनच पडते.