भुजंगचा लांब फिल्टर

भुजंगला आमच्या गावाने कधी शहाणं म्हटलं नाही, आणि ज्या दिवशी त्याच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा होता त्या दिवशी आम्ही सगळे मुके झालो. शहाऐंशीचा दुष्काळ होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी, नवे शिक्के मिळाले, पण आमच्या वाट्याला आलेला पाण्याचा टँकर मात्र जुनाट होता. तो चालवायला आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला भुजंग रोजंदारीवर लागला. मिरगापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही तर कायम करू, असं कचेरीतल्या साहेबांनी त्याला तोंडी सांगितलं होतं. त्या एका शब्दावर तो दिवस काढत होता.

गाडीची बॅटरी मेलेली, म्हणून इंजिन दिवसभर चालूच ठेवायचं. तेल आठवडाभरात डांबरासारखं व्हायचं. शेवटी भुजंग जळकोटच्या गुरुलिंग मिस्त्रीकडे गेला आणि मोठ्या ट्रकचा लांब ऑइल फिल्टर निवडला.

"आटे जुळतेत," मिस्त्री म्हणाला. "पाऊण लिटर तेल जास्ती मावंल, इंजिनाला बरंच हाय. पर खाली चार बोटं लोंबून राहिलाय बघ."

"असू द्या मामा. रस्ता माज्या पायाखालचा हाय."

फिल्टर बसवून त्याने इंजिन थोडं चालवलं. तेल फिल्टरमध्ये शिरलं तशी मोजपट्टीवरची तेलाची पातळी खाली गेली, तेवढं तेल त्याने पुन्हा भरलं. काम चोख केलं. त्यात खोट काढणाऱ्यांची मला अजून चीड येते.

आता आमच्या गावाचं सांगतो, लाज वाटते तरी. टँकरसाठी आम्ही उन्हात ताटकळत नसू. पहाटे चिंचेखाली प्रत्येक घराने आपला दगड रांगेत ठेवायचा, तोच त्या घराचा नंबर. भुजंगची माय सरजाबाई सगळ्यांच्या आधी दगड ठेवायची आणि कुणीतरी तो लाथेने पार शेवटाला ढकलायचं. कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीला रोज तळाचं गढूळ पाणी मिळायचं.

"माय, फुटकं उखळ ठेवू आपण," भुजंग म्हणाला होता. "त्याला कोण लाथ मारतंय बघू."

गाडी मागे घेताना दगडांची रांग दोन चाकांच्या मधे धरायची, म्हणजे कुणाचा नंबर मोडत नाही, ही त्याची रीत. उखळ गाडीखालून जाईल का, हे त्याने वाकून वितीने मोजलं होतं. जात होतं. फक्त हे मोजमाप फिल्टर बदलायच्या आदल्या दिवशीचं होतं.

फिल्टर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सरजाबाईने दगडाऐवजी उखळ रांगेत पहिलं ठेवलं, आणि पहिल्याच खेपेला ते फिल्टरला लागलं. इंजिनाच्या आवाजात भुजंगला ते कळलं नाही. तो टाकीवर चढून नळी सोडायला लागला आणि गाडीखाली काळ्या तेलाची धार लागली. मी ती पाहिली. माझ्यामागच्या चौघांनीही पाहिली. सांगितलं तर हा भरली टाकी घेऊन मिस्त्रीकडे पळेल, या भीतीने कुणी तोंड उघडलं नाही. आम्ही घागरी पुढे सरकवल्या.

मग इंजिन खडखडलं आणि जाम झालं. भुजंग वरून उडी मारून खाली आला आणि तेलात हात बुडवून तसाच बसून राहिला. आम्ही त्याला वळसा घालून टाकी रिकामी केली.

साहेब दुपारी जीपने आले. लांब फिल्टर कुणाला विचारून लावला, एवढंच त्यांनी भुजंगला विचारलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तेल गळताना कुणीच पाहिलं नाही?"

सगळ्यांच्या माना नाही म्हणून हलल्या. माझीसुद्धा.

"म्या पायलं, साहेब," सरजाबाई पुढे होऊन म्हणाली.

भुजंगने मान वर केली. "माय? मंग हाक का न्हाई मारलीस?"

म्हातारी आपल्या दोन भरल्या घागरींकडे बघत म्हणाली, "पैल्यांदाच पैला नंबर लागला व्हता, बाबा. म्हणलं, दोन घागरी भरून घेते, मंग सांगते."