सोमवारी न सापडणारी बुरशी

"मॅडम, तुमचा रिपोर्ट चुकलाय," मोठे सर फोनवर म्हणाले. "पेशंट आल्या दिवसापासून फ्लुकोनॅझोलवर आहे. तिला बुरशी होईलच कशी?"

दाराला कुलूप होतं, म्हणजे चोरी झालीच नाही, असा हा हिशेब. पण मोठे सर आमच्या हॉस्पिटलमधले सगळ्यात सीनियर फिजिशियन. त्यांचा राउंड निघाला की लिफ्ट त्यांच्यासाठी अडवून ठेवत. मी तळघरातल्या लॅबमधली मायक्रोबायोलॉजिस्ट. माझ्यासाठी जिना होता.

"सर, ब्लड कल्चरच्या दोन्ही बाटल्यांत यीस्ट वाढलंय."

"कंटॅमिनेशन असेल. परत सँपल पाठवतो."

ब्लड कल्चर म्हणजे रक्त बाटलीत उबवून जंतू वाढतात का ते बघणं, आणि यीस्ट ही बुरशीचीच जात. कंटॅमिनेशन म्हणजे रोग्याच्या रक्तात नसलेला, बाहेरून सँपलमध्ये पडलेला जंतू. फार सोयीचा शब्द. त्यामुळे डॉक्टरला औषध बदलावं लागत नाही आणि लॅबला पुढच्या तपासण्या कराव्या लागत नाहीत.

पेशंट होती हुपरीची सुनंदा. तिशीतली. घरातच नवऱ्याबरोबर पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करायची. आतडं फुटलं म्हणून आणली, ऑपरेशन झकास झालं, आणि आठव्या दिवसापासून ताप चढला तो उतरेना. मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांसाठी नळी घातलेली, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. अँटिबायोटिक तीनदा बदलून झालं होतं. आयसीयूच्या बाहेर तिचा नवरा बापू भिंतीला टेकून बसलेला असायचा. मी दिसले की उठून उभा राहायचा.

दुसऱ्या सँपलमध्येही तेच यीस्ट आलं. मग मी त्याच्या मागे लागले. पहिली तपासणी सोपी असते. यीस्टचा ठिपका माणसाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, घालायचा आणि दोन-तीन तास उबेत ठेवायचा. नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स असेल तर पेशींना बारीक शेपट्या फुटतात. इथे एकही फुटली नाही. मग प्लेटवर यीस्ट पसरून मधोमध फ्लुकोनॅझोलची चकती ठेवली. औषध चालत असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण पडतं. दुसऱ्या दिवशी बघते तर यीस्ट चकतीला खेटून वाढलेलं, अगदी मजेत. यीस्ट कोणकोणती साखर खातं, त्या तपासण्यांना आणखी वेळ गेला आणि नाव कळलं, कॅन्डिडा क्रुसी. हिच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नाही. मुळातच चालत नाही.

आणि आमच्या आयसीयूत तर सर्वांना पहिल्या दिवसापासून तेच औषध देत. बुरशी होऊ नये म्हणून. मोठ्या सरांची पद्धत. शेतात वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारलं की त्याला न मरणारं तण तेवढं माजतं, तसं इथे झालं होतं. कोल्हापुरात हे शाळेतलं पोरही सांगेल. सरांना सांगायला मी प्लेट घेऊन वर गेले.

"यीस्ट इज यीस्ट," सर म्हणाले. "डोस डबल करू."

"सर, चौपट केला तरी पालथ्या घड्यावर पाणी. अँफोटेरिसिन द्यावं लागेल. आणि ती लाइन काढावी लागेल."

"अँफोटेरिसिन? किडनी जाईल तिची!"

"किडनीवर लक्ष ठेवता येतं, सर. बुरशीनं बाई गेली तर कशावर लक्ष ठेवणार?"

सरांच्या मागे उभे असलेले चार ज्युनियर डॉक्टर एकदम मॉनिटर वाचायला लागले. सुनंदाचं ब्लडप्रेशर सकाळपासून खाली येत होतं. मला मनातून भीती वाटत होती, हे कबूल करते. रिपोर्टच्या एका ओळीवर मी बाईचा जीव तोलत होते. म्हणून मी शेवटचं हत्यार काढलं.

"ठीक आहे सर. मग केसपेपरवर एवढं लिहा, की रिपोर्ट पाहिला, मान्य नाही. खाली सही करा."

तोंडानं काहीही बोलणारी माणसं पेन हातात आलं की फार विचारी होतात. सरांनी पेन उघडलं, दोन मिनिटं धरून ठेवलं, आणि अँफोटेरिसिन लिहिलं. लाइन त्याच दुपारी निघाली. हे औषध ग्लुकोजमधून सावकाश चालवायचं असतं, सलाईनमध्ये घातलं तर फाटतं. ते चालू असताना सुनंदा थंडीनं कुडकुडायची. बापूला वाटायचं, बायको आता जाणार. पाचव्या दिवशी ताप उतरला.

सरांनी राउंडला सांगितलं, "मला पहिल्यापासूनच फंगसची शंका होती."

आता प्रश्न उरला, ही बुरशी आली कुठून? आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयसीयूत स्वॅब घेत. स्वॅब म्हणजे काडीला कापूस लावून टेबल, नळ, खाटा पुसायच्या आणि जंतू वाढतात का ते बघायचं. त्या दिवशी आयसीयूची दिवाळी असायची. पहाटेपासून फिनेल, नव्या चादरी, नव्या स्लीपर. रिपोर्ट अर्थातच सोन्यासारखे. मी गुरुवारी गेले, न सांगता.

"मॅडम, आज कुठं सोमवार हाय?" साळोखे सिस्टर दचकून म्हणाल्या.

टेबलावर सलाईनची एक बाटली होती. झाकणात सुई खोचलेली, तशीच.

"ही कसली, सिस्टर?"

"फ्लशची की. नळ्या चोंदू नयेत म्हणून हिच्यातनं थोडं थोडं मारतो समद्यास्नी. सुई काढून ठेवली की परत टोचत बसाय लागतंय. एकदा भरली की दोन दिस जाती, मग तीच परत भरायची."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी कपाटात ठेवतो. स्वॅबवाले येत्यात न्हवं?"

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. पाहुणे येणार म्हणून पसारा आवरावा, इतकं ते सहज होतं. बाटली मी लॅबमध्ये नेली. तिच्यात कॅन्डिडा क्रुसी वाढली. सिस्टरना प्लेट दाखवली. त्यांनी कुणाची परवानगी न घेता त्याच दिवसापासून बाटली बंद केली आणि दरवेळी नवी सुई, एका वेळेपुरतं नवं अँप्यूल सुरू केलं.

इन्फेक्शन कंट्रोल कमिटीची मीटिंगही झाली. भडंग आलं, चहा आला. तासभर चर्चा होऊन ठराव झाला, की यापुढे स्वॅब सोमवारऐवजी मंगळवारी घ्यावेत.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बापू लॅबच्या दारात आला.

"मॅडम, घर चुन्यानं रंगवून काढलं. दोनी खोल्या. मोठं सायेब म्हणालं, घरात वल हाय, तितनंच बुरशी आली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बापू, तुमच्या घरातून नाही आली. आमच्या बाटलीतून आली." आणि सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. चिडला नाही. मग विचारलं, "आमच्या शेजारच्या खाटंवर चंदगडच्या आक्का व्हत्या. आमी आलो त्याच्या चौथ्या दिशी गेल्या. त्यास्नी बी असाच ताप व्हता. त्यास्नी बी हेच?"

"बघून सांगते," मी म्हणाले.

रजिस्टर काढलं. आक्कांचं ब्लड कल्चर होतं. एका बाटलीत यीस्ट. नाव शोधलेलं नाही, चकती ठेवलेली नाही. रिमार्कमध्ये लिहिलेलं, "बहुधा कंटॅमिनंट". खाली सही माझी.

सरांवर हसून हसून मी जी करमणूक करून घेतली होती, ती तिथे संपली. दुसऱ्या दिवशी सुनंदा नवऱ्याचा हात धरून चालत बाहेर आली. तिला बसवून मी बापूला बाजूला घेतलं.

"व्हय, बापू. त्यांनाही बहुतेक तेच होतं. रिपोर्ट माझा होता. मी पुढं बघितलं नाही."

तो म्हणाला, "मला सांगितलासा, ते बरं केलासा. पर आक्काच्या ल्योकाला सांगा की."

मोठे सर म्हणाले, असलं काही लेखी द्यायचं नसतं. मी पत्र लिहिलं, सही केली, आक्कांच्या केसपेपरवरच्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

कंटॅमिनंट हा शब्द मी त्यानंतरही लिहिला. कधीकधी तो खरा असतो, लिहावाच लागतो. पण आधी जिना चढून वर जाते आणि पेशंटला बघून येते.